सिनेमाचे स्टार, नाटकाचा पुरस्कार: परीक्षकांनी कितवा प्रयोग पाहिला?

प्रश्न असा आला आहे: "मी बारा वर्षं हौशी रंगभूमीवर काम करते, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरते. २०२५ साली न्यूयॉर्कला हॉलिवूडच्या डेन्झेल वॉशिंग्टनच्या 'ऑथेल्लो'चं तिकीट ९२१ डॉलरपर्यंत गेलं आणि टोनी या तिथल्या नाट्यपुरस्काराचं एकही नामांकन मिळालं नाही. २०१० साली मात्र सिनेमातल्या मंडळींनीच टोनी नेले होते. आयुष्यभर नाटक करणाऱ्यांच्या रांगेत चार महिन्यांसाठी आलेल्या स्टारना उभं करणं बरोबर आहे का? आणि आपल्याकडे काय चाललंय?"

मी अठ्ठावीस वर्षं व्यावसायिक नाटकं बसवतो आहे. त्यातल्या सहा नाटकांत सिनेमा किंवा मालिकांमधले गाजलेले चेहरे होते. त्या अनुभवावरून आधी माझं मत सांगतो, कारणं पुढे येतीलच. स्टारना त्याच रांगेत उभं करावं. वेगळा विभाग नको, सवलत नको आणि दारही बंद नको. पण परीक्षकांनी त्यांचा कितवा प्रयोग पाहिला, हे विचारल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

तुम्ही डेन्झेल वॉशिंग्टनचं नाव घेतलंत हे बरं झालं. या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाच्या कारकिर्दीत शोधायचं तर त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. त्याचं शिक्षण नाटकाचं. फोर्डहॅम विद्यापीठात तो नाटक शिकला, ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक नाट्यगृहं, त्याबाहेरच्या छोट्या रंगमंचांवर त्यानं कामं केली आणि मग सिनेमात मोठा झाला. २००५ साली 'ज्युलियस सीझर'मध्ये तो ब्रूटस म्हणून ब्रॉडवेवर उभा राहिला, तेव्हा त्याच्याकडे दोन ऑस्कर होते. टोनीचं नामांकन मिळालं नाही. २०१० साली ऑगस्ट विल्सनच्या 'फेन्सेस'साठी त्याला टोनी मिळाला. २०१४ साली 'अ रेझिन इन द सन' आलं. त्या नाटकाला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचा, म्हणजे जुनं नाटक नव्यानं उभं करण्याचा, टोनी मिळाला, दिग्दर्शक केनी लिऑनला मिळाला, सहकलाकार सोफी ओकोनेडोला मिळाला; डेन्झेलला साधं नामांकनही नाही. २०१८ साली युजीन ओनीलच्या 'द आइसमन कमेथ'साठी नामांकन मिळालं, पण पुरस्कार अँड्र्यू गारफील्ड घेऊन गेला. आणि २०२५ चा 'ऑथेल्लो' तुम्हाला माहीतच आहे. दिग्दर्शक पुन्हा केनी लिऑन, समोर इयागो म्हणून जेक जिलेनहाल, आठवड्याला २८ लाख डॉलरचं बुकिंग, आणि नामांकनांच्या यादीत संपूर्ण नाटकाचं नाव कुठेच नाही.

पाच वेळा तोच माणूस, तीच प्रसिद्धी. एकदा पुरस्कार, एकदा नामांकन आणि तीनदा काहीच नाही. नुसत्या नावावर टोनी मिळत असता तर ही यादी अशी दिसली नसती.

आता २०१० कडे येऊ, कारण तेव्हा खरंच आरडाओरडा झाला होता. डेन्झेलबरोबर 'फेन्सेस'साठी व्हायोला डेव्हिसला पुरस्कार मिळाला. संगीत नाटकात कॅथरिन झीटा-जोन्सला मिळाला. आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'साठी सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार स्कार्लेट जोहान्सनला मिळाला. प्रमुख अभिनेत्यांच्या यादीत डेन्झेलशिवाय जूड लॉ, ख्रिस्तोफर वॉकन, अल्फ्रेड मोलिना आणि लिएव्ह श्रायबर. पाचही नावं सिनेमातली. सिनेमावाल्यांनी घर ताब्यात घेतलं असं वाटणं स्वाभाविक होतं.

पण यादीतली माणसं जरा नीट पाहा. श्रायबरकडे २००५ चा टोनी होता. मोलिनाचं हे तिसरं नामांकन होतं, त्याला हॉलिवूडचा पाहुणा म्हणता येईल का? जूड लॉला पहिलं नामांकन १९९५ साली मिळालं होतं, तेव्हा सिनेमात त्याला कुणी ओळखतही नव्हतं. वॉकन लहानपणापासून रंगमंचावर आहे. व्हायोला डेव्हिसला २००१ सालीच एक टोनी मिळाला होता. सिनेमानं तिला खूप उशिरा विचारलं. झीटा-जोन्स तरुणपणी लंडनमध्ये एका संगीत नाटकात बदली कलाकार होती आणि मुख्य नटी आजारी पडल्यावर तिला ती भूमिका मिळाली. खऱ्या अर्थानं नवखी होती ती एकटी जोहान्सन. तिचं ते ब्रॉडवेवरचं पहिलंच नाटक होतं.

म्हणजे ज्यांना आपण 'सिनेमाचे स्टार' म्हणून मोजतो, त्यातले बरेच जण मुळात आपल्याच घरातले असतात. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेले आणि सुट्टी काढून परत आलेले. आपल्याकडे तर हे आणखी ठळक आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, विक्रम गोखले, लक्ष्मीकांत बेर्डे, नाना पाटेकर, भरत जाधव यांपैकी कुणालाही सिनेमानं घडवून नाटकाकडे पाठवलेलं नाही. लक्ष्मीकांत 'टूरटूर'मधून लोकांना ठाऊक झाला, नाना 'पुरुष'मधून आणि भरतचं 'सही रे सही' २००२ साली आलं तेव्हा त्याचं सिनेमातलं मोठं यश अजून यायचं होतं. ब्रॉडवेवर वाद होतो तो हॉलिवूडहून न्यूयॉर्कला येणाऱ्यांवरून. मराठीत वाहतूक बहुतेक उलट्या दिशेनं झाली आहे. म्हणून तिथला राग जसाच्या तसा इकडे आणून लावला तर नेम चुकतो.

टोनीचे नियमही समजून घ्या, कारण आपल्या स्पर्धांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे. हा पुरस्कार अँटोनेट पेरी या अभिनेत्री-दिग्दर्शिकेच्या नावाचा आहे आणि १९४७ पासून दिला जातो. तो फक्त ब्रॉडवेच्या नाटकांना मिळतो. म्हणजे मॅनहॅटनमधली ठरावीक ४१ नाट्यगृहं, प्रत्येकात किमान ५०० आसनं. ४९९ आसनांच्या घरात कितीही थोर नाटक झालं तरी ते टोनीच्या बाहेर. दोन टप्पे असतात. आधी एक स्वतंत्र समिती नामांकनं ठरवते आणि त्या समितीतल्या माणसांनी हंगामातलं स्पर्धेला पात्र ठरलेलं प्रत्येक नाटक पाहायचं असतं. मग आठशेहून जास्त मतदार मत देतात आणि त्यात निर्माते, नाट्यगृहांचे मालक, बाहेरगावी दौरे लावणारे असे धंद्यातले लोक मोठ्या संख्येनं असतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. नामांकन ठरवणाऱ्यांना तिकीटविक्रीशी घेणंदेणं नसतं, मतदारांपैकी अनेकांना असतं. त्यामुळे प्रसिद्धीची चाळणी पहिल्याच टप्प्यावर लागते. २००६ साली ज्युलिया रॉबर्ट्स ब्रॉडवेवर आली, रस्त्यावर गर्दी उसळली, पण नामांकन मिळालं नाही. डॅनियल रॅडक्लिफ २००८ साली 'इक्वस' घेऊन आला, नंतर २०११, २०१४, २०१८ अशी तीन नाटकं केली, आणि एकदाही यादीत त्याचं नाव आलं नाही. तो येत राहिला. २०२४ साली 'मेरिली वी रोल अलाँग'साठी त्याला पहिलं नामांकन मिळालं आणि त्याच वर्षी पुरस्कारही, तोसुद्धा सहाय्यक अभिनेत्याचा. प्रमुख अभिनेत्याचा मान त्याच नाटकातल्या जोनाथन ग्रॉफला गेला. हॅरी पॉटर झालेल्या मुलानं सोळा वर्षं दार ठोठावलं. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. त्याचं तर वाटतंच, पण त्याला सोळा वर्षं थांबवणाऱ्या समितीचंही वाटतं.

२०१३ साली टॉम हँक्सला नामांकन मिळालं आणि पुरस्कार ट्रेसी लेट्सनं नेला. लेट्स नाटककार आणि शिकागोच्या रंगभूमीवरचा नट. २०२५ साली जॉर्ज क्लूनीचं नाटक आठवड्याला ४० लाख डॉलरच्या वर जात होतं, प्रमुख अभिनेत्याचा टोनी मिळाला कोल एस्कोला यांना, जे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या घरातून स्वतः लिहिलेलं नाटक घेऊन वर आले होते. त्याच हंगामात 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'मध्ये नुकताच ऑस्कर मिळालेला किअरन कल्किन होता. नामांकन त्याला नाही, त्याच्या सोबतच्या बॉब ओडेनकर्कला मिळालं.

आणि स्टारनं उचित रीतीनं पुरस्कार जिंकला असंही त्याच वर्षी झालं. सारा स्नूक मालिकेमुळे जगभर पोचलेली अभिनेत्री. 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'मध्ये ती एकटी २६ पात्रं करत होती. आपल्याकडे 'हसवाफसवी'त दिलीप प्रभावळकरांना सहा भूमिकांतून जाताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना विंगेतली धावपळ काय असते याची कल्पना येईल. तिथे प्रसिद्धी तुमची वाक्यं पाठ करून देत नाही आणि तुमचा श्वासही पुरवत नाही.

श्वासाचं आलंच आहे तर एक अनुभव सांगतो. तो माझ्या मते या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका नाटकात सिनेमातली एक लोकप्रिय अभिनेत्री होती. नाव सांगत नाही. दादरच्या एका हॉलमध्ये तालमी चालायच्या. सहा फुटांवरून तिचं काम पाहताना अंगावर काटा यायचा. दुसऱ्या अंकात नवऱ्याचं पत्र वाचून ती ते टेबलावर ठेवते, चहाचा कप पुसते आणि काही बोलत नाही, असा प्रसंग होता. तिच्या डोळ्यांत काय काय हलायचं! मी खूश, निर्माते खूश. शुभारंभाच्या आदल्या रात्री रंगीत तालमीला मी नेहमीप्रमाणे बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. पत्राचा प्रसंग आला. मला दिसलं ते एवढंच, की एक बाई कप पुसते आहे. डोळे दिसतच नव्हते. कॅमेरा तिच्याकडे यायचा, अशी तिला वीस वर्षांची सवय. इथे तिलाच सत्तर फूट चालत शेवटच्या रांगेपर्यंत यायचं होतं आणि ते जागेवरून न हलता.

मी तिला रात्री बाल्कनीत आणून बसवलं आणि बॅकस्टेजच्या एका मुलीला रंगमंचावर कप पुसायला सांगितलं. दोन मिनिटं ती पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, मी तर दिसतच नाहीये." त्यानंतर तिनं जी मेहनत घेतली ती मी विसरणार नाही. डोळ्यांतलं सगळं तिनं मानेत आणलं, खांद्यात आणलं. पत्र ठेवताना हात एक क्षण तसाच राहू लागला. कप पुसायचं ती मध्येच थांबवायची आणि एक श्वास घ्यायची, तो श्वास बाल्कनीत ऐकू यायचा. पण हे साधायला तिला पंचवीसेक प्रयोग लागले. पंचवीस! तालमीत ते शिकवता येत नाही, कारण तालमीत बाल्कनी नसते आणि खोकणारे प्रेक्षकही नसतात.

चाळिसाव्या प्रयोगानंतर ती मेकअप काढता काढता म्हणाली, "पहिल्या अंकात त्या वाक्याला आज हशा आला नाही. मी आधीचा पॉज खाल्ला ना?" त्या दिवशी ती नाटकातली नटी झाली, असं मी मानतो.

परीक्षक आले होते नवव्या प्रयोगाला.

त्याच वर्षी त्याच पुरस्कारासाठी दुसऱ्या एका नाटकातल्या ज्येष्ठ अभिनेत्रीचं नामांकन होतं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. चाळीस वर्षांची रंगभूमी. त्यांचा जो प्रयोग परीक्षकांनी पाहिला तो दौऱ्यावरून रात्रभर बसनं येऊन दुपारी साडेचारला लावलेला होता, तीन दिवसांतला पाचवा. घसा बसलेला. तरी त्यांनी तो प्रयोग निभावला आणि ज्याला निभावणं म्हणजे काय हे कळतं त्याला तो सर्वांत मोठा वाटला असता. पुरस्कार आमच्या अभिनेत्रीला मिळाला. मी टाळ्या वाजवल्या, माझंच नाटक होतं. पण मला माहीत होतं, की नवव्या प्रयोगात पत्राचा प्रसंग अर्ध्या प्रेक्षागृहाला दिसलाच नव्हता. परीक्षकांना दिसला, कारण त्यांच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत होत्या. ताईंनी कार्यक्रमानंतर तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि मला फक्त एवढं म्हणाल्या, "त्यांना सांग, पुढच्या वेळी एकदा वर बसून पाहा."

ही चूक स्टारची नव्हती. तिला वेळेआधी पुरस्कार मिळाला, एवढंच. चाळिसाव्या प्रयोगाला दिला असता तर मी तो छातीठोकपणे योग्य म्हटलं असतं. मी हे तेव्हा आयोजकांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ट्रॉफी आमच्या ऑफिसात येणार होती.

ब्रॉडवेवर हा प्रश्न निम्मा तरी आपोआप सुटतो. तिथे आठवड्याला आठ प्रयोग, एकाच नाट्यगृहात. बहुतेक नाटकांना एक दिवस सुट्टी आणि दोन दिवस दुपारचा व रात्रीचा असे दोन प्रयोग. शिवाय अधिकृत शुभारंभाच्या आधी काही आठवडे प्रेक्षकांसमोर पूर्वप्रयोग होतात. त्यामुळे समितीचा माणूस येईपर्यंत नटाच्या अंगात बरेच प्रयोग मुरलेले असतात. स्टारचा करार साधारण चौदा-सोळा आठवड्यांचा असला, तरी तेवढ्यात शंभराहून अधिक प्रयोग होतात. आपल्याकडे मालिकेच्या तारखा सांभाळून शनिवार-रविवार प्रयोग लावणाऱ्या नटाला शंभरी गाठायला वर्ष लागतं. म्हणून "ते फक्त चार महिने येतात" या तक्रारीत तिथे फारसा दम नाही. आठवड्याला आठ प्रयोग चार महिने करणं हे घशाचं आणि गुडघ्यांचं काम आहे, तिथे फोटो काढून घेऊन निघून जाता येत नाही.

मग तिथला खरा त्रास कोणता? माझ्या मते तो तिकीटखिडकीवर आहे. पुरस्काराची यादी त्यामानानं बरीच सुरक्षित आहे.

९२१ डॉलर म्हणजे आपले पंचाहत्तर हजार रुपयांहून जास्त, एका खुर्चीचे. निर्मात्याचा हिशेब सरळ असतो. ब्रॉडवेवर नाटक उभं करायला अफाट पैसा लागतो, भाडं जबर असतं, आणि साध्या संवादी नाटकाला संगीत नाटकासारखं वर्षानुवर्षं आयुष्य मिळत नाही. स्टार घेतला की पैसा लावणारे मिळतात, पडदा उघडण्याआधी बुकिंग होतं आणि ठरलेल्या आठवड्यांत गुंतवणूक परत येऊ शकते. त्यात टोनीची पात्रता एप्रिलच्या अखेरीस संपते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या नावांची नाटकं एकावर एक येऊन आदळतात. २०२५ मध्ये 'ऑथेल्लो', 'ग्लेनगॅरी' आणि क्लूनीचं नाटक ही तिन्ही बारा दिवसांच्या आत उघडली. घरं ४१ आणि त्यातली कित्येक वर्षानुवर्षं चालणाऱ्या संगीत नाटकांनी अडवलेली. उरलेल्या थोड्या घरांच्या तारखा स्टारकडे गेल्या, की नाव नसलेल्या चांगल्या नाटकाला उभं राहायलाच जागा नाही. ते नाटक टोनीत हरत नाही, तिथपर्यंत पोचतच नाही. ज्याला अन्याय म्हणायचं तो हा.

आपल्याकडे हेच छोट्या आकारात घडतं. शनिवारी रात्रीची आणि रविवारी दुपारची तारीख कुणाला मिळते, यावर नाटकाचं आयुष्य ठरतं. ओळखीचा चेहरा असला की व्यवस्थापकाचा फोन लगेच उचलला जातो, दौऱ्याला गावोगावचे ठेकेदार नाटक न पाहता प्रयोग विकत घेतात. नवीन मंडळींच्या वाट्याला मंगळवार-बुधवार येतो. तुमच्या हौशी गटाला व्यावसायिक रंगभूमीवर यायचं असेल तर तुमची स्पर्धा स्टारच्या अभिनयाशी नाही, त्याच्या शनिवारशी आहे.

स्टारमुळे फायदा होत नाही का? होतो आणि तो मोठा असतो. माझ्या सहा नाटकांपैकी चारांना आलेले निम्मे प्रेक्षक आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहात आले होते. मध्यंतरात वडे खाताना त्यांची बोलणी ऐकली की कळायचं, "हे सगळं समोर करतात? कट न करता?" असं एकमेकांना विचारायचे. त्यातले काही पुढे दुसऱ्या नाटकांनाही दिसले. ब्रॉडवेवर 'फेन्सेस' १९८७ साली आलं तेव्हा तीच भूमिका जेम्स अर्ल जोन्सनं केली होती आणि त्यालाही टोनी मिळाला होता. तेवीस वर्षांनी डेन्झेल ती करायला उभा राहिला, म्हणून नव्या पिढीनं ऑगस्ट विल्सन पाहिला. पुढे 'फेन्सेस'चा सिनेमा झाला आणि रंगमंचावर केलेल्याच भूमिकेसाठी व्हायोला डेव्हिसला ऑस्कर मिळाला. डेन्झेलचं 'फेन्सेस' ज्या कोर्ट थिएटरमध्ये झालं, त्याचं नाव २०२२ मध्ये बदलून जेम्स अर्ल जोन्स थिएटर करण्यात आलं. एका संहितेनं दोन मोठे नट वापरून घेतले, असं मी म्हणेन. 'नटसम्राट'नं तेच केलं. डॉ. लागूंनंतर दत्ता भट आले, पुढे आणखी आले, आणि अप्पा बेलवलकर सगळ्यांना पुरून उरले. जाता जाता, 'ऑथेल्लो' आपल्याकडे काही नवा नाही. देवलांनी १८९० मध्येच 'झुंझारराव' म्हणून त्याला मराठी केलं होतं.

तर तुमच्यासारख्यांनी मागणी काय करावी? "स्टारना स्पर्धेतून काढा" ही मागणी करू नका. ती करणाऱ्याला लोक चिडका समजतात आणि ती चुकीचीही आहे. आयोजकांकडे दोन गोष्टी मागा. एक, व्यावसायिक नाटकाचा प्रयोग परीक्षकांनी किमान पंचविसावा झाल्यावर पाहावा, आणि शक्य असेल तर दोनदा, दोन वेगळ्या नाट्यगृहांत. दोन, त्यातला एक प्रयोग मागच्या रांगांमधून पाहावा. खर्च वाढेल, हे मला माहीत आहे. मी स्वतः तीन वेळा परीक्षक होतो, त्यातल्या दोन वेळा मी पदरमोड करून दुसऱ्यांदा प्रयोग पाहिले आणि दोन्ही वेळा माझे गुण बदलले. एकदा तर एका मालिकेतल्या मुलाचे गुण वाढले! पहिल्यांदा मी त्याच्या प्रसिद्धीवर रागावून कमी दिले होते. उलट्या बाजूचाही पूर्वग्रह असतो, तोही दुसऱ्या प्रयोगात धुऊन निघतो.

टोनीची आणखी एक व्यवस्था मला आवडते. कार्यक्रमपत्रिकेवर नाटकाच्या नावाच्या वर ज्याचं नाव छापलं जातं, तो साधारणपणे प्रमुख कलाकार धरला जातो आणि खाली असेल तर सहाय्यक. वाद असेल तर समिती निर्णय देते. दिसायला कारकुनी नियम. पण नाव वर छापलं जाण्याला ब्रॉडवेवर प्रेक्षकाचाही हक्क जोडलेला आहे. नाटकाच्या नावाच्या वर ज्याचं नाव आहे तो त्या रात्री काम करणार नसेल, तर प्रेक्षक पैसे परत मागू शकतो किंवा तिकीट बदलून घेऊ शकतो. पण प्रयोग होतो! बदली कलाकार पहिल्यापासून तयार असतो, त्याला त्याचा पगार असतो, आणि तो उभा राहतो.

आमच्या त्या नाटकाचं पुढे काय झालं ते सांगतो. पुरस्कारानंतर तिला मोठा सिनेमा मिळाला आणि तारखा आटल्या. ६२ व्या प्रयोगानंतर नाटक थांबलं. रंगमंचामागची चौदा माणसं, कपडेवाल्या मावशींपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत, त्या महिन्यात दुसरं काम शोधत होती. तिला मी दोष देत नाही, तिनं मला आधी सांगितलं होतं. बदली नटी उभी करण्याचा विचार आम्हीच केला नव्हता, कारण "लोक तिलाच बघायला येतात" हे आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या नाटकापासून मी निर्मात्यांना एक अट घालतो. चेहरा कितीही मोठा असो, त्या भूमिकेसाठी दुसरं माणूस पहिल्या वाचनापासून तालमीला बसेल आणि त्याला त्याची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मिळेल, काम केलं तरी आणि नाही केलं तरी. तीन वर्षांपूर्वी सांगलीला आमचे मुख्य नट विमान चुकल्यामुळे पोचले नाहीत. तिसऱ्या घंटेआधी आम्ही पडद्यासमोर येऊन सांगितलं, की आज ही भूमिका दुसरा मुलगा करेल, ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी खिडकीवर यावं. सातशेच्या आसपास प्रेक्षक होते. अकरा जण उठले. त्यातले चार मध्यंतरात परत आत आले, मागे उभं राहून उरलेलं नाटक पाहिलं, आणि त्या मुलाला पुढच्या वर्षी एका दुसऱ्या नाटकात प्रमुख भूमिकेसाठी नामांकन मिळालं. परीक्षक त्याच्या एकतिसाव्या प्रयोगाला आले होते.